पहिल्या कप्प्यातील कार्ड

कापडाच्या व्यापारामुळे आमच्या घरी रिकाम्या खोक्यांना कधी तोटा नव्हता. इतवारीतील घराच्या माळ्यावर साड्यांची, शर्टपीसची, धोतरजोड्यांची खोकी वर्षभर साठत आणि दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे जात. त्यांपैकीच एक साडीचे खोके दीड वर्षापासून माझ्या टेबलावर आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून मी त्याचे पाच कप्पे केले आणि त्यांत सुमारे चारशे लहान कार्डे उभी लावली. कार्डेही घरचीच, शर्टाच्या घडीत घालतात तो पांढरा पुठ्ठा कापून केलेली. एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. इंग्रजीत यांना फ्लॅशकार्ड म्हणतात. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षांहून अधिक खंड पडल्यानंतर, मी एका परीक्षेला बसले ती या खोक्याच्या आधाराने. त्या अभ्यासाविषयी लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते; विशेषतः त्यातील एका कार्डाविषयी. ते कार्ड परीक्षेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आमच्या घराला उपयोगी पडले.

परीक्षा होती मेडिकल कोडिंगची. हे नाव ऐकले की आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी विचारतात, "म्हणजे नेमके काय करायचे?" व्यापारी घरात याचे उत्तर एका शब्दात देता येते: खतावणी. दिवसभरातील व्यवहार रोजकीर्दीत जसे घडले तसे क्रमाने लिहिले जातात. नंतर सवडीने बसून प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेली जाते. रोजकीर्द कोणीही लिहील; खतावणी करणाऱ्याला मात्र सर्व खाती आणि त्यांचे नियम ठाऊक असावे लागतात. अमेरिकेतील डॉक्टर रुग्णाला तपासून जे टिपण करतात, ती झाली रोजकीर्द. कोडर ते टिपण वाचतो आणि आजारासाठी एक, केलेल्या उपचारासाठी दुसरा असे ठरलेले संकेतांक लावतो. या संकेतांकांवरून विमा कंपनीकडे पैशांचा दावा जातो. संकेतांक चुकला तर दावा परत येतो आणि कधी कधी रुग्णाच्या नावावर नसलेला आजार चढतो. हे काम संगणकावर होत असल्याने ते नागपुरात बसूनही करता येते.

या खात्यांची वंशावळही मोठी रंजक आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ साली शिकागो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारली गेली. पुढे १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती सांभाळली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर जिवंत माणसांच्या आजारांचीही भर पडली. त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीचा अमेरिकेने स्वतःपुरता विस्तार केला आणि तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केला. त्यात सत्तर हजारांच्या आसपास संकेतांक आहेत. उच्च रक्तदाबाला आय १०. आपल्या विदर्भात घरोघरी परिचित झालेल्या सिकलसेलला डी ५७. नागपूरच्या मे महिन्यात ज्याचे भय असते त्या उष्माघाताला टी ६७.०. कुत्रा चावला तर डब्ल्यू ५४.०, आणि बदकाचा धक्का लागून इजा झाली तर त्यालाही स्वतंत्र संकेतांक आहे. उपचारांचे संकेतांक अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून पुस्तकरूपाने काढीत आली आहे. औषधे आणि साहित्य यांचे पुस्तक आणखी निराळे. अशी तीन जाडजूड पुस्तके समोर ठेवून चार तासांत शंभर प्रश्न सोडवायचे आणि त्यांतील सत्तर बरोबर आणायचे, ही ती परीक्षा. अमेरिकन अकॅडमी ऑफ प्रोफेशनल कोडर्स ही संस्था ती घेते.

या वाटेला मी का गेले, तेही सांगते. आमचे गांधीबागेत घाऊक कापडाचे दुकान आहे. भंडारा, गोंदिया, उमरेड, काटोल येथील किरकोळ दुकानदार पूर्वी आठवड्याला फेरी मारीत. आता त्यांच्यापैकी बरेचजण सुरतेहून थेट माल मागवतात. दुकान चालते, पण पूर्वीसारखे नाही. मुलाचे शिक्षण पुढ्यात उभे होते. प्राणिशास्त्राची माझी पदवी लग्नानंतर कपाटातच राहिली होती. आपल्या घरांत नोकरी हा शब्द सहजासहजी उच्चारला जात नाही; तरी मी तो उच्चारला. यजमान क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "वर्गाची फी किती आहे?" माझ्या दृष्टीने ती संमतीच होती.

याच सुमारास घरात दुसरी एक चिंता शिरली. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या पेढीची चालती खतावणी होते. कोणत्या गावच्या कोणत्या दुकानदाराकडे किती येणे आहे आणि ते केव्हापासून आहे, हे वही न उघडता सांगत. अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास मात्र त्यांना विसर पडू लागला. जेवण झाल्यावर जेवणाची वेळ विचारीत. एकदा ज्याने पूर्ण रक्कम चुकती केली होती, अशा जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी पुन्हा तगादा लावला. तो भला माणूस हसून गेला, पण यजमानांना ते फार लागले. त्या दिवाळीत गल्ल्याची किल्ली मामाजींच्या कमरेवरून यजमानांच्या खिशात आली. आम्ही त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तपासले, बरेच प्रश्न विचारले आणि कागदावर लिहून दिले. त्या कागदावरचा डिमेन्शिया हा एकच शब्द आम्ही वाचला. घरी येऊन मी कागदाची घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवली.

त्यानंतर घराची रीत नकळत बदलली. मामाजींना काही विचारायचे बंद झाले. ते बोलू लागले की कोणीतरी म्हणे, "जाऊ द्या मामाजी, तुमच्या लक्षात राहणार नाही." त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलले जाऊ लागले. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. निदान झाले आहे, आता सांभाळायचे, एवढाच सर्वांचा समज होता. मामाजीही हळूहळू गप्प झाले.

इकडे माझा अभ्यास जोरात होता. मी सातशे कार्डे केली होती. एका बाजूस आजार, दुसऱ्या बाजूस त्याचा संकेतांक. स्वयंपाकघरात, देवळातून येताना, झोपण्यापूर्वी मी ती वाचीत असे. वाचताना सारे ओळखीचे वाटे, मनाला बरे वाटे. जानेवारीत घरातूनच, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर बसून, परीक्षा दिली. शंभरांपैकी अठ्ठावन्न आले.

अपयशाचे दुःख दोन दिवस केले आणि तिसऱ्या दिवशी, नुकसान झाल्यावर व्यापारी जे करतो तेच केले: हिशेब मांडला. दोन चुका दिसल्या. पहिली चूक मालाची. ज्या परीक्षेत पुस्तके समोर ठेवायची मुभा आहे, तिच्यासाठी मी पुस्तकातले आकडे पाठ केले होते. एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटे चोवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात आकडा सापडायला हवा असेल तर तो कोठे शोधायचा, हे आधी डोक्यात असले पाहिजे. आणि त्यासाठी लागतात शब्द आणि नियम. वैद्यकीय शब्दांचे प्रत्यय आपल्या व्याकरणासारखेच असतात. शेवटी 'एक्टमी' आले की अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकला. 'ऑटमी' आले की छेद दिला. 'ऑस्टमी' आले की नवे तोंड तयार केले. 'कोलेसिस्ट' म्हणजे पित्ताशय हे ठाऊक असले, तर कोलेसिस्टेक्टमी हा लांबलचक शब्द पाहून घाबरायचे कारण उरत नाही. तसेच पुस्तकातील वर्ज्यतेच्या सूचना. त्या दोन प्रकारच्या असतात. एका सूचनेचा अर्थ, हे दोन संकेतांक एकत्र कधीच लावू नका. दुसरीचा अर्थ, तो आजार येथे मोडत नाही, पण रुग्णाला दोन्ही असतील तर दोन्ही लावा. हा भेद पुस्तकात दिलेला असतो, पण परीक्षेच्या घाईत तो वाचायला वेळ नसतो. जे पाठ करायला हवे ते मी केले नव्हते आणि जे करायला नको ते सातशे कार्डांवर लिहिले होते.

दुसरी चूक पद्धतीची, आणि ती अधिक खोल होती. मी कार्डे वाचीत होते, स्वतःला विचारीत नव्हते. प्रश्न पाहिला की लगेच कार्ड उलटायचे आणि "हो, हे येते मला" म्हणायचे. उधारीवर माल भरपूर दिला म्हणून व्यापारी श्रीमंत होत नाही. मागितल्यावर जे परत येते तेच त्याचे. स्मरणाचेही तसेच आहे. किती वेळा वाचले याला महत्त्व नाही, मागितल्या क्षणी किती वसूल होते याला आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. वाचताना जी गोडी वाटते ती फसवी असते, हे मी अठ्ठावन्न गुणांच्या मोलाने शिकले.

सातशे कार्डे रद्दीत गेली आणि साडीचे खोके आले. कप्प्यांची ही रीत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. सर्व कार्डे आरंभी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते. चुकले की, ते चौथ्या कप्प्यात पोहोचलेले असले तरी, सरळ पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने. मी माझ्या सोयीने वार न धरता तिथी धरल्या: दुसरा कप्पा एक दिवसाआड, तिसरा अष्टमी-चतुर्दशीला, चौथा पौर्णिमेला, पाचवा परीक्षेच्या आधी. अष्टमी-चतुर्दशी आमच्या घरात कोणी विसरत नाही. त्यामुळे निराळी आठवण ठेवावी लागली नाही. सासूबाईंना ही रीत सांगितली तेव्हा त्यांना तिचे मुळीच नवल वाटले नाही. त्या नवी गाथा घेण्यापूर्वी मागच्या गाथा म्हणून घेतात आणि जी अडखळते तीच दिवसभर घोळवतात. स्वाध्यायात वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना आणि परिवर्तना सांगितल्या आहेत, त्या उगीच नव्हेत.

आता प्रश्न उरला विचारणाऱ्याचा. स्वतःच विचारले की मन सवलत देते. अर्धे उत्तर आले तरी पूर्ण धरते. यजमान दुकानात, मुलगा शिकवणीला, सासूबाईंना इंग्रजी येत नाही. दुपारच्या वेळी घरात मोकळे असे एकटे मामाजीच. त्यांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. बिलट्या आणि रेल्वेच्या पावत्या वाचून इंग्रजी पक्के झालेले. मी भीत भीत विचारले, "मामाजी, मला हे प्रश्न विचाराल का?" त्यांनी चष्मा लावला, खोके मांडीवर घेतले आणि गादीवर बसत तसे ताठ बसले.

त्या दुपारपासून आमचा परिपाठ सुरू झाला. खिडकीला कूलर, खाली रस्त्यावर हातगाड्यांचा आवाज, आणि मामाजींचा खणखणीत प्रश्न. उच्चार त्यांचे स्वतःचे असत, पण सूट देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "अर्धी रक्कम आली म्हणजे खाते फिटले असे होत नाही, सूनबाई," असे म्हणून ते कार्ड मागे टाकीत. कधी कधी पाच मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न ते पुन्हा विचारीत. आरंभी माझ्या मनात चीड उठे. पुढे लक्षात आले की चुकलेला प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला जाणे हेच तर मला हवे होते. त्यांच्या विस्मरणाचाही मला उपयोग झाला, हे लिहिताना संकोच वाटतो. पण ते खरे आहे.

आणि मग ते कार्ड. त्यावर मी लिहिले होते: "बाह्यरुग्ण विभाग. खोकला आणि ताप. डॉक्टर लिहितात, न्यूमोनिया असावा. काय नोंदवाल?" योग्य उत्तर असे की न्यूमोनियाचा जे १८.९ लावायचा नाही. फक्त खोकला आणि ताप नोंदवायचे. बाह्यरुग्णाच्या टिपणात 'असावा', 'शक्यता', 'संशय' किंवा प्रश्नचिन्ह असेल तर तो आजार रुग्णाच्या नावावर चढवायचा नाही. जे निश्चित दिसले, तेवढेच. रुग्णालयात दाखल केलेल्या रुग्णासाठी रुग्णालयाचा नियम मात्र उलटा आहे; तेथे सुटी देतानाही संशय कायम असेल तर तो आजार आहे असे धरून नोंद करतात. या दोन नियमांत माझी सारखी गल्लत होई. ते कार्ड दुसऱ्या कप्प्यात जाई, तिसऱ्यात जाई आणि तेथून पुन्हा पहिल्यात येऊन बसे. दोन महिने ते तेथून हलले नाही.

चैत्रातील एका दुपारी मी ते पुन्हा चुकले. मामाजींनी मागची बाजू वाचली आणि मला त्याचा अर्थ विचारला. मी समजावून सांगितला. ते म्हणाले, "यात कठीण काय आहे? ज्या रकमेचा उलगडा झालेला नाही ती उचंत खात्यात ठेवतात. उगीच कोणाच्या नावे टाकत नाहीत. आधी चौकशी करतात." मी मान हलवली. त्यांनी कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवले, पुढचे उचलले, आणि न वाचताच म्हणाले, "डॉक्टरांनी माझ्या कागदावरही असंच चिन्ह केलं होतं. शब्दाच्या आधी."

मी उठले आणि फाइल काढली. पाच महिन्यांपूर्वीची घडी उलगडली. डिमेन्शियाच्या आधी स्पष्ट, ठळक प्रश्नचिन्ह होते. त्याखाली दोन ओळी होत्या: रक्ताच्या तपासण्या, त्यांत थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-१२; आणि अहवाल घेऊन पंधरा दिवसांनी भेटणे. आम्ही तपासण्या केल्या नव्हत्या. भेटायलाही गेलो नव्हतो. डॉक्टरांनी जे उचंत खात्यात ठेवले होते, ते आम्ही त्याच दिवशी मामाजींच्या नावे टाकून वही मिटली होती. आणि ते चिन्ह लक्षात ठेवले कोणी, तर ज्यांच्या लक्षात काही राहत नाही असे आम्ही म्हणत होतो त्यांनी.

दुसऱ्या दिवशी रक्त दिले. बी-१२ सामान्य मर्यादेपेक्षा बरेच कमी निघाले. तज्ज्ञांनी आम्हाला रागावले नाही, पण समजावून सांगितले. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळते. शाकाहारी माणसाला त्याचा आधार म्हणजे दूध-दही. शरीर त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरवून वापरते, त्यामुळे उणीव हळूहळू होते आणि लक्षात येत नाही. वाढत्या वयात अन्नातून ते शोषले जाण्याचे प्रमाणही घटते. मामाजींनी दूध बाधते म्हणून चार-पाच वर्षांपासून सोडले होते आणि एकासनाचा त्यांचा नेम त्याहून जुना. पायाला मुंग्या येतात असे ते कधीपासून सांगत होते. आम्ही ते वयाच्या खात्यावर टाकले होते. बी-१२ च्या उणिवेने पायाला मुंग्या येऊ शकतात आणि स्मरणही मंदावू शकते, हे त्या दिवशी कळले.

इंजेक्शने सुरू झाली. चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. प्रत्येक विस्मरणाचे कारण हेच असते असेही नाही. पायाच्या मुंग्या कमी झाल्या, चेहऱ्यावर तरतरी आली, एकच प्रश्न पुन्हा विचारणे बरेच कमी झाले. नवी नावे अजूनही निसटतात. तज्ज्ञ दर काही महिन्यांनी तपासतात आणि आपले प्रश्नचिन्ह त्यांनी अद्याप काढलेले नाही. ते काढायचे की त्याजागी नाव लिहायचे, हे काळ ठरवील. परंतु आता आम्ही ते प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह म्हणूनच वाचतो. घरातील कोणीही मामाजींच्या डोक्यावरून बोलत नाही.

जुलैत मी पुन्हा परीक्षेला बसले. कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत खोलीत दुसरे कोणी येता कामा नये. एकत्र कुटुंबात चार तास एक दार बंद ठेवणे किती अवघड, हे वाचकांना सांगायला नको. मामाजींनी दाराबाहेर खुर्ची टाकली आणि चार तास तेथून हलले नाहीत. कुरिअरवाल्याला, मोलकरणीला, शेजारच्या लहानग्याला त्यांनीच थोपवले. बाहेर पाऊस कोसळत होता. त्या कार्डावरील नियम परीक्षेत आला की नाही, हे मी सांगणार नाही. प्रश्न बाहेर सांगू नयेत असा दंडक आहे. गुण ब्याऐंशी आले.

प्रमाणपत्रावर नावापुढील अक्षरांनंतर एक जास्तीचे अक्षर होते. यजमानांना वाटले, काहीतरी उणे राहिले. मी सांगितले की परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नवख्याला ते अक्षर लावतात. त्याचा अर्थ शिकाऊ. प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवल्यावरच ते गळते. मामाजी ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे उमेदवारी. बरोबर आहे. मीसुद्धा गादीवर बसण्याआधी तीन वर्षं काकांकडे गाठी बांधल्या होत्या." नोकरी या शब्दाने आमच्या घरात जो थोडासा अवघडपणा आणला होता, तो उमेदवारी या शब्दाने घालवला.

आता मी घरूनच काम करते. रोज अनोळखी माणसांची टिपणे माझ्यासमोर येतात. साता समुद्रांपलीकडील कोणा वृद्धाच्या कागदावर, डॉक्टरांनी विस्मरण एवढेच निश्चित लिहिले असेल आणि पुढे कसला तरी संशय असेल, तर मी आर ४१.३ लावते आणि तेथेच थांबते. त्याच्या घरचे लोक त्याला काय म्हणत असतील हे मला ठाऊक नाही. निदान माझ्या हातून त्याच्या नावावर अधिक काही चढू नये, एवढे मी पाहते.

संकेतांकांच्या पुस्तकांची नवी आवृत्ती दरवर्षी निघते. म्हणून खोके अजून टेबलावर आहे आणि दुपारी कधी कधी मामाजी ते मांडीवर घेतात. चारशेपैकी बहुतेक कार्डे शेवटच्या कप्प्यात पोहोचली आहेत. न्यूमोनियाचे ते कार्ड आता मला पक्के येते आणि नियमाप्रमाणे तेही शेवटच्या कप्प्यात जायला हवे. मी ते पहिल्याच कप्प्यात ठेवले आहे. रोज एकदा स्वतःला विचारावे असा तो प्रश्न आहे.